दूधआईचे मूल

भाऊबीजेच्या दिवशी आमच्या घरी दोनदा ओवाळणी होत असे. सकाळी माजघरात सख्खी आत्या वडिलांना ओवाळी. मग दुपारी उन्हे कलली की ओसरीवर दुसरा पाट मांडला जाई, तो दूधआत्येचा. ती आमच्याच गावातल्या साळ्याची लेक. दोन कोसांवरच्या सासरहून चालत येई, पदराखाली ताट झाकून आणी, आणि वडिलांना ओवाळून झाले की पायरीवर बसून आमच्याकडचा चिवडा-अनारसा खाई. ती ओसरीवरून आत कधी आली नाही. तिला कोणी 'आत ये' म्हटल्याचेही मला आठवत नाही.

वडिलांचा जन्म १९१८ सालच्या श्रावणातला. त्याच आश्विनात मानमोडीची साथ आली. इन्फ्लुएंझा हे तिचे नाव शहरात. गावाने तिला मानमोडीच म्हटले, आणि ते नाव फार खरे होते. मुंबई इलाख्यात त्या दोन-तीन महिन्यांत लाखो माणसे गेली, त्यांत आमची आजी गेली. घरात दोन महिन्यांचे पोर. बोंडल्याने गाईचे दूध पाजून पाहिले, शेळीचे पाहिले. पोटात काही ठरेना. तेव्हा आजोबा तान्ह्याला धोतराच्या सोग्यात गुंडाळून साळ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. साळ्याची बायको नुकती बाळंतपणातून उठलेली, तिच्या मांडीवर तीन महिन्यांची मुलगी होती. तिने दुसरा हात पुढे केला. त्यांच्या घरचे पाणी आमच्या घरी चालत नसे. दूध मात्र चालले.

दूधआत्येचा एक ठरलेला विनोद असे. आम्हा पोरांना जवळ ओढून ती म्हणे, "तुज्या बापानं माज्या वाटचं पिऊन अंग धरलंय बरं का!" सगळे हसत. वडील हसत नसत. ओवाळणीत ते तिच्या ताटात जे टाकीत ते सख्ख्या बहिणीपेक्षा थोडे जास्तच असे, आणि त्यावरून दर वर्षी तुळशीच्या लग्नापर्यंत आत्येचा रुसवा चाले.

पुढे मला जुने ग्रंथ चाळण्याचे वेड लागले. त्यांत तान्ह्या मुलांना कोणी, कसे पाजले याचे उल्लेख येत, तेव्हा हा विनोद हटकून आठवे. दुसऱ्याचे मूल पाजणाऱ्या बाईची गोष्ट आपण सांगतो ती दोघांची असते, ती आणि ते बाळ. खरे म्हणजे त्या गोष्टीत एक तिसरे माणूस असते, तिचे स्वतःचे तान्हे. त्याची विचारपूस किती ठिकाणी झाली, हे मी मग मुद्दाम पाहू लागलो.

आता कार्तिक लागला आहे, म्हणून आरंभ कार्तिकेयापासून करू. महिन्याला नाव मिळाले कृत्तिका नक्षत्रावरून, आणि त्याच कृत्तिकांनी शरवणात सापडलेल्या शिवपुत्राला पाजले म्हणून तो कार्तिकेय. आया सहा आणि प्रत्येकीला पान्हा फुटलेला, पोर एक. तेव्हा त्या शहाण्या पोराने सहा मुखे धारण केली. कोणी रिकामी राहिली नाही, कोणाच्या बाळाचा घास काढावा लागला नाही. हिशेब असा चोख पुराणातच जमतो.

बौद्ध परंपरेतल्या गोष्टीत तो तसा जमलेला नाही, म्हणून ती मला अधिक खरी वाटते. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना मायादेवी गेली. तिची बहीण आणि सवत महाप्रजापती गौतमी हिने त्याला अंगावर घेतले. तिलाही तेव्हा नंद नावाचा मुलगा झाला होता. परंपरा सांगते की तिने आपल्या पोटच्या नंदाला दायांच्या हवाली केले आणि सिद्धार्थाला स्वतः पाजले. पुढे बरीच वर्षे लोटली. गौतमीने संघात प्रवेश मागितला आणि बुद्धांनी तीनदा नाही म्हटले. तेव्हा आनंदाने तिच्या बाजूने जी रदबदली केली तीत याच दुधाची आठवण दिली. भिक्षुणीसंघाचा दरवाजा उघडला त्याला इतर कारणे असतील. पण त्या दुधाचे ऋण भर सभेत मांडले गेले, एवढे खरे. नंदाचे ऋण मात्र कोणी मांडले नाही. तोही पुढे भिक्षूच झाला.

आयुर्वेदाने दाईचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. चरकाच्या शारीरस्थानात धात्रीची लक्षणे आहेत: ती समान वर्णाची असावी, तरुण असावी, निरोगी असावी, व्यसनी नसावी. तिचे दूध पाण्यात टाकून पाहावे; शुद्ध दूध पाण्याशी एकजीव होते. साळ्याच्या दारी उभे राहिलेल्या आजोबांना यातले पहिले लक्षण आठवले असेल की नाही कोण जाणे. सुश्रुताने पहिले काही दिवस बाळाला मध आणि तूप सांगितले, आणि आईचे पहिले चिकाचे दूध पिळून टाकून देण्याची चाल आपल्याकडे अगदी आमच्या पिढीपर्यंत टिकली. तो चीक म्हणजे बाळाचे पहिले औषध, हे आता डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. असो. मला थांबवले ते चरकाच्या आणखी एका अटीने. धात्रीचे स्वतःचे मूल जिवंत असावे, आणि तो मुलगा असावा. म्हणजे त्या तिसऱ्याची चौकशी शास्त्राने केली होती! पण ती कशासाठी? आईच्या दुधाला मुलाचा जिवंतपणा हा दाखला म्हणून. दाखला देऊन झाल्यावर त्या मुलाने काय प्यावे, हा प्रश्न तिथे निघत नाही.

बाबिलोनच्या हम्मुराबीने, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, दाईसाठी कायदाच केला. सांभाळायला घेतलेले मूल दगावले आणि त्याच्या आईबापांना न कळवता दाई दुसरे मूल पाजू लागली, तर तिचे स्तन छाटावेत. कायद्याला काळजी होती ती पैसे मोजणाऱ्याच्या मुलाची.

दुधावर मोठा व्यवहार उभा राहिला तो राजवाड्यांत. चितोडच्या पन्ना दाईची गोष्ट आपल्या सर्वांना शाळेपासून पाठ आहे. १५३६ च्या सुमारास बनवीर तलवार घेऊन आला, तेव्हा तिने राजपुत्र उदयसिंहाच्या जागी आपला मुलगा चंदन याला निजवले. स्वामिनिष्ठा म्हणून आपण तिला हात जोडतो आणि जोडावेतही. परंतु नातवंडांना ही गोष्ट सांगताना माझी जीभ अलीकडे अडखळते. चंदनला कोणी विचारले नव्हते.

मोगलांच्या घरी याच्या उलट प्रकार झाला. इस्लामी धर्मशास्त्रात दूध पाजल्याने रक्तासारखे नाते जुळते. एकाच स्त्रीचे दूध प्यालेल्या मुलामुलींचे आपसांत लग्न होऊ शकत नाही. प्रेषित महंमदांना पाजणारी हलीमा मुसलमानांच्या घरोघरी आदराने आठवली जाते ती यामुळेच. तेव्हा बादशहाच्या दूधआईचा मुलगा हा बादशहाचा भाऊच, त्यांच्या भाषेत 'कोका'. अकबर जन्मला १५४२ साली उमरकोटला, बाप परागंदा असताना. त्याला ज्या बायकांनी पाजले त्यांतली जीजी अनगा ही शम्सुद्दीन अतगाखानाची बायको; दायांवरची मुख्य माहम अनगा. पोर गादीवर बसले आणि या दोन दुधांत वैर पेटले. १५६२ साली माहमचा मुलगा आधमखान याने भर दरबारात अतगाखानाला ठार केले. गलका ऐकून झोपेतून उठून आलेल्या अकबराने आधमखानाला गच्चीवरून खाली फेकायला लावले. त्यात तो मेला नाही, म्हणून पुन्हा वर आणवून दुसऱ्यांदा फेकवले. माहमने मुलाचा चाळीस दिवसांचा शोक पुरा केला न केला तोच डोळे मिटले. जीजीचा मुलगा अझीझ कोका मात्र वाटेल ते बोलला, रुसला, बंडखोरी करून मक्केला निघून गेला, तरी निभावून गेला. माझ्या आणि त्याच्यामध्ये दुधाची नदी आहे, ती मला ओलांडवत नाही, अशा अर्थाचे अकबर म्हणत असे. वाटणीच्या दुधाची एवढी भरपाई फार थोड्यांना मिळाली असेल.

या मोगली दूधभावांपैकी एकाची गाठ थेट मराठी इतिहासाशी पडते. श्रीगोंदे तालुक्यात भीमेकाठी पेडगाव आहे. तिथल्या किल्ल्याला बहादूरगड म्हणतात. हा बहादूर म्हणजे दख्खनचा सुभेदार बहादूरखान कोका, औरंगजेबाचा दूधभाऊ. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, १६७४ च्या पावसाळ्यात, शिवाजी महाराजांच्या एका लहान तुकडीने त्याला हूल देऊन छावणीपासून दूर नेले, आणि मागे दुसऱ्या मोठ्या फौजेने छावणी लुटून जाळली. एक कोटीची लूट आणि दोनशे घोडे मिळाले असे सांगतात. ही हकिकत आपण मिटक्या मारीत वाचतो. त्याच गडाची दुसरी हकिकत वाचवत नाही. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी पकडलेल्या संभाजीराजांना औरंगजेबापुढे उभे केले ते इथेच.

आणि संभाजीराजे स्वतः दूधआईचे मूल होते! १६५७ च्या मे महिन्यात पुरंदरावर त्यांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बाळंतपणात ढासळली ती सावरली नाही; अवघ्या दोन वर्षांत राजगडावर त्या गेल्या. बाळासाठी गडाच्या मुलुखातल्या कापूरहोळची धाराऊ गाडे हिला आणले गेले. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे राजांचे दूधभाऊ, पुढे त्यांच्याच पदरी राहिलेले. एका दूधआईने वाढवलेला राजा दुसऱ्या दूधभावाच्या नावाच्या गडावर साखळदंडांत उभा राहिला. मी पेडगावला दोनदा गेलो आहे. पडक्या तटाशी उभे राहून मला दर वेळी औरंगजेबाच्या दाईपेक्षा कापूरहोळच्या धाराऊचीच आठवण झाली. ती तेव्हा हयात असती तर तिला काय वाटले असते, हे कोणत्याच बखरकाराला सुचले नाही.

रायगडची हिरकणी ही दंतकथा खरी, पण दंतकथेलाच कधी कधी वर्मावर बोट ठेवता येते. गवळण गडावर दूध घालायला आली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हे भुकेले. म्हणून ती कडा उतरली. आपण कड्याची उंची सांगतो आणि बुरूज दाखवतो. गडाला दूध पोचले होते आणि दूध घालणारीचे पोर उपाशी होते, ही गोष्ट कड्याच्या उंचीपुढे लपून जाते. एस. टी. च्या स्थानकांवर मुलाला पाजायला जो आडोसा केला त्याला 'हिरकणी कक्ष' नाव दिले, ते ज्याला सुचले त्याला मी मनोमन नमस्कार करतो. कक्षाला बाहेरून कुलूप नसले म्हणजे झाले.

आपल्याकडे राजवाड्यांत आणि अडल्यानडल्या घरांत होते ते फ्रान्समध्ये सरसकट झाले. तिथे दूध हा राजरोस धंदा होता. १७८० साली पॅरिसच्या पोलिसप्रमुखाने अंदाज दिला तो असा: वर्षाला २१,००० मुले जन्मतात; त्यांतली जेमतेम हजार आईचे दूध पितात, हजारांना घरी ठेवलेली दाई मिळते, बाकीची सगळी गाड्यांत घालून खेड्यापाड्यांतल्या दायांकडे पाठवली जातात. या मुलांतली किती परत येत याचा विचार न केलेला बरा. रूसोने १७६२ साली आयांनी स्वतः पाजावे म्हणून मोठा ग्रंथ लिहिला. त्याची स्वतःची पाच मुले त्याने जन्मतःच अनाथालयात टाकली होती. आणि ज्या लिनीयसने १७५८ साली पाजणाऱ्या प्राण्यांच्या वर्गाला स्तनावरून नाव दिले, तो दायांचा कट्टर विरोधक होता. या थोर पुरुषांच्या उपदेशाने धंदा काही बसला नाही.

पुढे उलटी वाहतूक सुरू झाली. मोर्व्हां नावाच्या डोंगराळ, गरीब मुलुखातल्या बायका बाळंत होऊन उठल्या की पॅरिसला धनिकांच्या घरी दाईच्या नोकरीवर जात. त्यांची स्वतःची पोरे आजीच्या हाती बाटलीवर राहत. ती बाटली तरी कसली? तोंडाला लांब रबरी नळी लावलेली, कधीच धुऊन निघणार नाही अशी. फ्रान्सने १९१० साली ती कायद्याने बंद केली. एका मुलाच्या बाळशासाठी दुसरे पोर जुलाबाने झुरत होते. थेओफिल रूसेल नावाच्या डॉक्टर प्रतिनिधीने १८७४ साली जो कायदा मंजूर करून घेतला त्यात एक कलम आहे, ते वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. दाई म्हणून नोकरी धरणाऱ्या बाईने दाखला आणला पाहिजे, की तिचे स्वतःचे मूल सात महिन्यांचे झाले आहे, अथवा दुसरी कोणी बाई त्याला अंगावर पाजते आहे. चरकाने मागितला होता तोही दाखलाच. पण या वेळी तो मुलासाठी होता.

ब्राझिलात असा दाखला कोणी मागितला नाही. तिथे गुलाम बायका दूधआई म्हणून भाड्याने मिळत, वर्तमानपत्रांत तशा जाहिराती येत. १८८८ साली गुलामगिरी गेली तेव्हा ते थांबले.

तोवर डबा आला होता. १८६० नंतर जर्मनीत लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने आणि स्वित्झर्लंडमध्ये नेस्ले याने बाळांसाठी पिठे काढली आणि दाईची गरज संपली. आमच्या लहानपणी डब्यावरच्या गुटगुटीत बाळासारखे आपले बाळ व्हावे म्हणून आया पोटाला चिमटा घेऊन डबा आणीत, तो दोन आठवड्यांऐवजी महिनाभर पुरवीत, आणि पातळ केलेल्या त्या पांढऱ्या पाण्यात विहिरीचे कच्चे पाणी घालीत. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापुरात भरसभेत अशा मृत्यूंना खून म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता यायला १९८१ साल उजाडले, आणि आपल्याकडे डब्यांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९९२ साली झाला. डब्याची एक बाजू मात्र मी कबूल करतो. त्यात कोणा गरीब पोराची वाटणी काढलेली नसते, आणि ज्या आईला खरोखरच दूध नाही तिला तो आधार आहे. माझे वडील दहा वर्षे उशिरा आणि मुंबईत जन्मते तर कदाचित डब्यावर वाढले असते. भाऊबीज मात्र एकदाच झाली असती.

आता गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत निघालेली नवी रीत. १९०९ साली व्हिएन्नात पहिली मातृदुग्धपेढी निघाली, एशेरिख या बालरोगतज्ज्ञाच्या पुढाकाराने. आशियातली पहिली निघाली आपल्या मुंबईत, धारावीला लागून असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ साली. ती उभी केली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी. दिवसांआधी जन्मलेली, मुठीएवढी पोरे वरच्या दुधाने दगावत. त्यांची कोवळी आतडी त्या दुधाने सडतात, मानवी दूध त्यांना राखते. ज्या आयांना दूध उरते त्यांच्याकडून ते घ्यायचे, त्यांची रक्ततपासणी करायची, साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून जंतू मारायचे, गोठवायचे, आणि ज्यांच्या आयांना पान्हा नाही त्या पोरांना चमचा-चमचा द्यायचे. ब्राझिलात तर आज अशा पेढ्यांचे जगातले सर्वांत मोठे जाळे आहे, आणि कित्येक गावांत आगीच्या बंबावरचे जवान दारोदार फिरून बाटल्या गोळा करतात. जिथे दूधआई भाड्याने मिळत होती तिथेच हे व्हावे!

पेढीची पहिली अट अशी की आधी स्वतःचे मूल. त्याचे पोट भरून उरले तरच दूध घेतात. हजारो वर्षे कोपऱ्यात राहिलेले ते तिसरे माणूस इथे नियमाच्या पहिल्या ओळीत आले.

पण त्यात दुसरेच काही निसटले. पेढीत चार जणींचे दूध एकत्र होते, बाटलीवर नाव राहत नाही. जे दुधाचे नाते मानतात त्यांना हे सलते. माझ्या बाळाचे दूधभाऊ कोण, उद्या त्याचे लग्न नकळत बहिणीशीच लागले तर? अशा मिसळलेल्या दुधाने नाते जुळत नाही, असा निर्वाळा काही मुसलमान धर्मशास्त्र्यांनी दिला आहे. इतरांना तो मान्य नाही. २०२४ च्या जूनमध्ये कराचीच्या एका बालरुग्णालयात नवी पेढी निघाली आणि धर्मपंडितांच्या आक्षेपामुळे त्याच महिन्यात थांबवावी लागली. आपल्याकडच्या शहाण्यांनी याला अडाणीपणा म्हटलेले मी ऐकले. मला तसे म्हणवत नाही. ओसरीवरचा तो दुसरा पाट मी पाहिला आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या नातवाची मुलगी दोन महिने आधी जन्मली. काचेच्या पेटीत ठेवली होती. वजन १२०० ग्रॅम. नातसुनेला तापाने दूध येईना, म्हणून पेढीचे दिले. बाटलीवर तारीख होती आणि एक क्रमांक होता. नातसून उठून बसायला लागली त्या दिवशी तिने परिचारिकेला विचारले, "सिस्टर, हे कोणाचं आहे हो?"

"एकीचं नसतं, ताई," परिचारिका म्हणाली, "पाच-सहा जणींचं मिळून असतं." आणि चमचा तिच्या हातात दिला.